दुधा-मांसातल्या अँटिबायोटिकची ‘सुरक्षित मर्यादा’: आकडा येतो कुठून, आणि तो काय सांगत नाही

काचपट्टी

‘दुधात अँटिबायोटिक सापडलं’ अशी बातमी आली की खाली दोन तऱ्हेचे प्रतिसाद हमखास पडतात. ‘सापडलंच कसं, शून्य हवं’ हा एक. ‘मर्यादेच्या आत आहे ना, मग लोकांना घाबरवू नका’ हा दुसरा. अन्नातले औषधांचे अवशेष मोजणं हे माझं रोजचं काम. मला सतत जाणवतं ते हे, की दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांना तो आकडा मुळात आला कुठून हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा धागा. लांबण लागेल, पण गणित बेरीज-गुणाकाराचंच आहे.

मर्यादा ठरते ती उलट्या बाजूने. ‘दुधात किती चालेल’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी विचारतात, एखाद्याने हे औषध नकळत, रोज, जन्मभर खाल्लं तर दिवसाला किती पोटात गेलेलं चालेल? हा झाला एडीआय, म्हणजे रोज चालणारी मात्रा. शरीराच्या दर किलो वजनामागे तो मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच वाईट परिणाम दिसला नाही ती मात्रा घ्यायची आणि बहुधा १०० ने भागायची. चाचणीतल्या प्राण्यापेक्षा माणूस जास्त हळवा निघू शकतो म्हणून १०, माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी १०. जागतिक पातळीवर हे काम ‘जेकफा’ करते. खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची ही संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून आहे. तिच्या शिफारशींवरून कोडेक्स, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारं मंडळ, आपल्या मर्यादा ठरवतं.

अँटिबायोटिकचं मात्र एवढ्यावर भागत नाही. ज्या मात्रेने यकृताला, मूत्रपिंडाला काही होणार नाही ती आतड्यातल्या जिवाणूंना जाणवू शकते, कारण त्यांना रोखण्यासाठीच तर ते औषध बनलेलं असतं. त्यामुळे दोन जास्तीचे प्रश्न विचारावे लागतात. आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंची फळी या मात्रेने विस्कटेल का? (ती विस्कटली की बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा मिळते.) आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू तिथे वाढतील का? उत्तर काढायला तीन गोष्टी लागतात. त्या जिवाणूंना रोखणारी किमान मात्रा, मोठ्या आतड्यातल्या ऐवजाचं प्रमाण, आणि खाल्लेल्या औषधापैकी किती भाग तिथवर काम करण्याच्या स्थितीत पोहोचतो तो. ऐवजाचं प्रमाण पूर्वी २२० ग्रॅम धरत, २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत ते ५०० मिलिलिटर झालं. गृहीतक एक बदललं की हिशेब किती हलतो बघा.

विषारीपणावरून एक एडीआय निघतो, जिवाणूंवरून दुसरा. त्यातला जो कमी तो धरायचा. एन्रोफ्लॉक्सॅसिनचा जेकफाचा एडीआय किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे, तो जिवाणूंवरूनच आलेला आहे.

आता मला या विषयात सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण. ऑक्सिटेट्रासायक्लिन. स्वयंसेवकांना रोज २ मिलिग्रॅम औषध दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढलेले दिसले नाहीत. २ मिलिग्रॅम भागिले ६० किलो, म्हणजे किलोमागे साधारण ३३ मायक्रोग्रॅम. १९९० साली समितीने याला सावधगिरी म्हणून आणखी १० ने भागलं आणि एडीआय ३ वर ठेवला. १९९८ साली समितीने तीच माहिती पुन्हा तपासली, तो १० चा भागाकार काढून टाकला आणि एडीआय ३० केला. प्रयोग तोच, स्वयंसेवक तेच, २ मिलिग्रॅम तेच. बदलली ती ‘सावधगिरी किती पुरे’ याबद्दलची समज. यात लबाडी नाही, दोन्ही वेळची कारणमीमांसा छापलेली आहे आणि कुणीही ती वाचू शकतो. पण आकड्यात माणसांचा निर्णय मिसळलेला असतो हे यावरून कळावं.

दिवसाची मात्रा ठरली की ती पदार्थांत वाटायची. त्यासाठी मुद्दाम खादाड धरलेला एक माणूस कल्पतात. वजन ६० किलो, आणि एकाच दिवसात तो ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत, ५० ग्रॅम मूत्रपिंड, ५० ग्रॅम चरबी, १०० ग्रॅम अंडी खातो, वर दीड लिटर दूध पितो. असं कोणी जेवत नाही. मुद्दाच तो आहे, खरा माणूस यापेक्षा कमीच खाणार.

पेनिसिलिन घ्या. इथे भीती ॲलर्जीची. आधीच ॲलर्जी असलेल्यांना ४० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी मात्रेनेही त्रास झाल्याच्या नोंदी होत्या. म्हणून समितीने सांगितलं की अन्नातून दिवसाला माणशी ३० मायक्रोग्रॅमच्या खाली राहा. मर्यादा आहेत दुधात लिटरला ४ मायक्रोग्रॅम. मांस, यकृत, मूत्रपिंडात किलोला ५०. आता बेरीज करा. दीड लिटर दुधातून ६, मांसातून १५, यकृतातून ५, मूत्रपिंडातून २.५. एकूण २८.५. मर्यादा ३० च्या खाली जेमतेम बसवल्यात ते दिसतंय ना?

टेट्रासायक्लिनला (वरचं ऑक्सिटेट्रासायक्लिन याच कुळातलं, एडीआय तोच ३०) तितकी ओढाताण नाही. ६० किलोला दिवसाचे १८०० मायक्रोग्रॅम चालतात आणि कोडेक्सच्या मर्यादांप्रमाणे वरचं सगळं जेवण जेवलं तरी ३७० च भरतात. उरलेली जागा मोकळी सोडलेली आहे, कारण नीट औषधोपचार केला तर त्याहून जास्त अवशेष राहायचं कारण नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, धाग्याचा गाभा तोच आहे. मर्यादेचा आकडा बहुतेक वेळा ‘याच्यावर गेलं की आजार’ अशी रेषा नसते. औषध देणाऱ्याने नियम पाळले का, औषधानंतर थांबायची मुदत संपायच्या आत दूध विकलं का, जनावर कापलं का, हे पकडायचा तो सापळा आहे. मर्यादेच्या दुप्पट टेट्रासायक्लिन असलेलं दूध एकदा प्यायल्याने कुणी आजारी पडेल असं मी म्हणणार नाही. पण गोठ्यात काहीतरी चुकलंय हे नक्की म्हणेन, आणि ते दूध बाद करा असंही.

आणि उलट बाजू. मर्यादेच्या आतलं दूध म्हणजे अँटिबायोटिक वापराचे सगळे प्रश्न मिटले, हेही खरं नाही. त्यावर खाली बोलूच.

---

प्रश्नचिन्ह

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तरी माझा प्रश्न तोच. सरळ शून्य का नाही? औषध जनावराचं, माणसाच्या पोटात त्याचा एक कणही का जावा?

---

काचपट्टी

प्रश्नचिन्ह, शून्य मोजता येत नाही. ‘सापडलं नाही’ एवढंच म्हणता येतं, आणि सापडणं न सापडणं यंत्रावर अवलंबून असतं. आज जे शून्य, ते यंत्र सुधारलं की उद्या शून्य राहत नाही.

शून्याचा प्रयोग झालेलाच आहे, क्लोरॅम्फेनिकॉलवर. या औषधामुळे क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच थांबतं आणि ते किती मात्रेला होईल याचा अंदाज बांधता येत नाही. सुरक्षित मात्रा सांगता येत नाही म्हणजे एडीआय नाही, म्हणजे मर्यादाही नाही. युरोपात १९९४ पासून खाद्यप्राण्यांत त्यावर बंदी आहे. २००१-०२ च्या सुमारास आयात कोळंबीत ते सापडलं आणि मालाच्या मोठमोठ्या खेपा नष्ट झाल्या. मग प्रयोगशाळांना किमान किती बारीक मोजता आलं पाहिजे ते ठरलं, किलोला ०.३ मायक्रोग्रॅम. आता कारवाईची पातळी ०.१५ आहे, २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीपासून. म्हणजे ‘शून्य’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीलाही शेवटी आकडा द्यावाच लागला.

यात एक गुंता आहे. क्लोरॅम्फेनिकॉल मूळचं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूने बनवलेलं. गवतात, पेंढ्यात ते निसर्गतःच थोडं आढळतं. यंत्र पुरेसं बारीक झालं की ज्याने औषध कधी आणलंच नाही त्याच्याही मालात ते दिसू शकतं. नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या औषधांच्या कुळाबाबतीतही असं घडलंय. त्यातल्या एका औषधाची खूण म्हणून सेमिकार्बाझाइड शोधतात, आणि २००३ मध्ये कळलं की बाटल्यांच्या झाकणातल्या प्लॅस्टिकच्या चकतीतूनही ते अन्नात उतरतं.

बंदी घातलेल्या औषधांवर मी ठाम आहे, तिथे सवलत नको. पण आजारी जनावराला द्यायलाच लागतात अशा औषधांना ‘शून्य’ मागितलं तर दोनच गोष्टी होतील. आजारी जनावर औषधाविना तडफडेल, नाहीतर औषध चोरून दिलं जाईल. चोरून दिलेल्याची नोंद नसते आणि मुदतही कोणी पाळत नाही.

---

गोठाधनी

इथे गोठ्याच्या बाजूचं थोडं सांगतो. आमच्याकडे अँटिबायोटिक सगळ्यात जास्त लागतं ते दगडीला, म्हणजे कासदाहाला. कास टणक होते, गरम लागते, धार काढायला गेलं की गाय लाथ उचलते, दुधात गाठी येतात. मग सडात ट्यूब सोडायची. ट्यूबच्या खोक्यावर दुधाची मुदत लिहिलेली असते, ती पाळायची. त्या दिवसांचं दूध फेकायचं. फेकताना जीव तुटतो हेही सांगतो, कारण खाणं, मेहनत, औषध सगळं चालूच असतं.

माझी तक्रार अशी की मुदत पूर्ण पाळूनही एकदा दूध संकलनात परत केलं. वर ‘तुम्ही खोटं बोलता’ हे ऐकावं लागलं. वहीत तारीख, वेळ, कोणता सड, सगळं लिहिलेलं होतं. कोणी पाहिली नाही. मग मुदत पाळून उपयोग काय?

---

डॉ_शिंगरू

दादा, तुमची वही हीच तुमची बाजू आहे, ती सोडू नका. मी पशुवैद्य आहे, म्हणून मुदत कशी ठरते ते आधी सांगतो.

निरोगी जनावरांच्या गटाला लेबलवरच्या मात्रेने औषध देतात, ठरावीक वेळांनी नमुने घेऊन अवशेष कसा उतरतो ते मोजतात. सरासरी जनावर मर्यादेखाली गेलं की झालं, असं नसतं. युरोपातल्या पद्धतीत १०० पैकी ९५ जनावरं मर्यादेखाली गेलेली असली पाहिजेत आणि या विधानाची खात्री ९५ टक्के हवी. अमेरिकेत १०० पैकी ९९, खात्री तीच. तरी शेवटचं एखादं जनावर उरतंच.

शिवाय ही सगळी जनावरं निरोगी होती हे विसरू नका. तुमची गाय आजारी आहे. दूध घटलंय, म्हणजे औषध धुऊन निघण्याचा वेग घटला. यकृत किंवा मूत्रपिंड मंदावलं असेल तर औषध शरीरातच रेंगाळतं. मात्रा वाढवली, ट्यूबसोबत इंजेक्शनही दिलं, लेबलवर नसलेल्या आजारासाठी किंवा प्राण्यासाठी वापरलं, तर खोक्यावरची मुदत लागू राहत नाही. ती वाढवून देणं हे औषध लिहिणाऱ्या पशुवैद्याचं काम आहे, आणि आमच्यातले काहीजण ते तोंडी उरकतात. लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध थांबवताना, सोडतात त्या ट्यूबचं वेगळंच. ते औषध कासेत आठवडेच्या आठवडे टिकावं असंच बनवलेलं असतं. गाय अपेक्षेपेक्षा आधी व्याली तर सुरुवातीच्या दुधात ते हमखास येतं.

---

काचपट्टी

गोठाधनी दादा, तुमच्या दुधाबाबत आणखी एक शक्यता आहे.

संकलनावर अनेक ठिकाणी जी चाचणी करतात ती जिवाणूंची असते. छोट्या नळीत जांभळं आगार (जेलीसारखा पदार्थ) असतं, त्यात उष्णता सोसणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू. दूध घालून ६४ अंशांना साधारण तीन तास ठेवायचं. दूध स्वच्छ असेल तर जिवाणू वाढतात, आम्ल तयार होतं, आगार पिवळं पडतं. औषध असेल तर वाढ खुंटते आणि नळी जांभळीच राहते. स्वस्त, सोपी चाचणी, पेनिसिलिनच्या कुळातली औषधं ती उत्तम पकडते. पण जांभळी नळी सांगते ते इतकंच की ‘इथे वाढ रोखणारं काहीतरी आहे’. औषधाचं नाव ती सांगत नाही. सुजलेल्या कासेतल्या दुधात आणि चिकात गाईच्या शरीराने स्वतःच बनवलेले जिवाणूरोधक पदार्थ असतात, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन वगैरे. त्यांनीही नळी जांभळी राहू शकते.

म्हणून या चाचणीवरून माल थांबवणं योग्य, पण माणसाला खोटं ठरवणं अयोग्य. त्यासाठी नमुना रासायनिक चाचणीला, मास स्पेक्ट्रोमेट्रीला जायला हवा. तिथे औषधाचं नाव आणि आकडा दोन्ही मिळतात. तुमच्यावर जे बोललं गेलं ते बोलायचा अधिकार त्या नळीने कुणाला दिला नव्हता.

उलट दिशेनेही सांगते. तीच चाचणी क्लोरॅम्फेनिकॉल त्या बारीक पातळीला पकडू शकत नाही. नळी पिवळी झाली म्हणजे दूध सर्व औषधांपासून मुक्त, असं कुणी समजू नये.

---

गोठाधनी

हे तीन तास नळी ठेवायचं आज पहिल्यांदा कळलं. आम्हाला फक्त ‘फेल’ एवढंच सांगतात.

एक विचारायचं होतं. एका गाईचं चुकून टाकीत गेलं तर एवढा गहजब का करतात? शंभर गाईंचं दूध असतं त्यात, पातळ होतंच की.

---

डॉ_शिंगरू

हिशेब करून बघू. समजा ट्यूबमध्ये २०० मिलिग्रॅम पेनिसिलिन आहे आणि त्यातलं निम्मं पुढच्या धारांतून बाहेर आलं. १०० मिलिग्रॅम म्हणजे १,००,००० मायक्रोग्रॅम. मर्यादा लिटरला ४. म्हणजे ते मर्यादेत आणायला २५,००० लिटर दूध लागेल. एका गाईच्या एका सडाचं औषध, आणि अख्खा टँकर पुरा पडत नाही.

आणि पातळ करून मर्यादेत बसवणं हे मुळातच चूक. काचपट्टी ताईंनी वर म्हटलंय ते हेच, मर्यादा गोठ्यातली चूक दाखवण्यासाठी आहे. पातळ केलं तर चूक तशीच राहते, फक्त दिसत नाही.

---

सायली_आणि_पिल्लू

माझं बाळ वरच्या दुधावर आलंय म्हणून विचारते. ६० किलोचा माणूस धरून केलेलं गणित बाळाला कसं लागू होणार? ते वजनाच्या मानाने किती तरी जास्त दूध पितं. आणि दूध उकळल्यावर औषध जातं ना?

---

काचपट्टी

सायली ताई, अगदी नेमका प्रश्न. जुन्या पद्धतीवर हीच टीका झाली. २०११ नंतर जेकफाने रोजच्या खाण्याच्या खऱ्या पाहण्यांवरून हिशेब करायची पद्धत आणली, त्यात लहान मुलांचा वेगळा विचार होतो.

टेट्रासायक्लिनचं गणित इथेच मांडते. १० किलोच्या मुलाला दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम चालतात. ते एक लिटर दूध प्यायलं आणि ते सगळं दूध अगदी मर्यादेवर, म्हणजे लिटरला १०० मायक्रोग्रॅम असलं, तरी १०० होतात. तिसरा हिस्सा. सगळ्याच औषधांत इतकी मोकळी जागा नसते, म्हणूनच मुलांचा वेगळा हिशेब लागतो. शिवाय एडीआय जन्मभर रोज खाण्यासाठी असतो. रोजचं प्रत्येक दूध काठोकाठ मर्यादेवर असणं प्रत्यक्षात घडत नाही.

उकळण्याबद्दल : त्यावर विसंबू नका. उकळल्याने दुधातले जंतू मरतात, त्यासाठी ते उकळाच. औषधांचं वेगळं. टेट्रासायक्लिन शिजवताना काही प्रमाणात मोडतं, पेनिसिलिनही थोडं. एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातल्या औषधांना उकळण्याने फारसा फरक पडत नाही. मर्यादा ठरवतानाही ‘घरी शिजवल्यावर कमी होईल’ असं धरलेलं नसतं.

---

सायली_आणि_पिल्लू

धन्यवाद ताई. गणित मांडून दाखवलंत त्यामुळे जीव भांड्यात पडला. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हटलं असतंत तर पटलं नसतं.

---

तळटीप

लेख उत्तम. एक मुद्दा घालतो. मर्यादा जगभर सारख्या नाहीत. कोडेक्समध्ये टेट्रासायक्लिन मांसात किलोला २००, यकृतात ६००, मूत्रपिंडात १२०० मायक्रोग्रॅम. युरोपात नेमकं निम्मं, १००, ३००, ६००. अंड्यातही ४०० विरुद्ध २००. दुधात मात्र दोन्हीकडे १००. म्हणजे एकाच मांसाचा तुकडा एका बंदरात चोख आणि दुसऱ्या बंदरात बाद. विज्ञान एकच असेल तर हे कसं?

आणि या समित्यांत व्यापार किती घुसतो तेही लोकांना कळू द्या. २०१२ मध्ये कोडेक्सला रॅक्टोपामिनची मर्यादा मतदान घेऊन ठरवावी लागली. ६९ विरुद्ध ६७. ते अँटिबायोटिक नव्हे, मांस वाढवायला देतात ते औषध, पण पद्धत तीच.

---

काचपट्टी

तळटीप, विज्ञान जिथे संपतं तिथून पुढे ‘किती सावध राहायचं’ हा निर्णय सुरू होतो. माझ्या लेखातला ३ आणि ३० चा किस्सा त्याचाच. दोन ठिकाणी दोन वेगळे निर्णय होऊ शकतात, दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

६९-६७ बद्दल तुमच्याशी सहमत. जीवशास्त्राचा प्रश्न दोन मतांच्या फरकाने सुटत नाही, आणि ज्या देशांनी विरोध केला त्यांच्या शंका मतदानाने मिटल्या नाहीत. पण म्हणून सगळे आकडे व्यापाऱ्यांनी ठरवलेत असं म्हणणं मला मान्य नाही. पेनिसिलिनचा हिशेब मी वर उघडा करून ठेवलाय, त्यात व्यापार कुठे आहे ते दाखवा.

---

प्रश्नचिन्ह

एकाच औषधाचं ठीक आहे. पण एकाच घासात चार औषधं थोडी थोडी असली तर? प्रत्येक आपापल्या मर्यादेत, सगळी मिळून किती?

---

काचपट्टी

जिथे औषधं एकाच कुळातली असतात तिथे बेरीज धरतात. युरोपात सल्फोनामाइड कितीही असोत, सगळी मिळून किलोला १०० मायक्रोग्रॅम. जेकफाचा टेट्रासायक्लिनचा एडीआयही तिन्ही टेट्रासायक्लिनचा मिळून आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन जनावराच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये बदलतं, म्हणून युरोपात दोघांची बेरीज मोजतात. वेगवेगळ्या कुळातल्या औषधांच्या मिश्रणाला मात्र अशी एकत्र मर्यादा नाही. ही उणीव खरी आहे.

अवयवांचंही राहिलं होतं. जेंटामायसिनची कोडेक्स मर्यादा मांसात १००, यकृतात २०००, मूत्रपिंडात ५००० आहे. पाहून लोक दचकतात. पण ते औषध मूत्रपिंडात चिकटून बसतं, महिनोन् महिने निघत नाही, आणि मूत्रपिंड खाल्लं जातं थोडंसंच. अंड्याची अडचण निराळी. बलक तयार होण्याचा वेगाचा काळ साधारण १० दिवसांचा, त्या काळात कोंबडीने घेतलेलं औषध थरावर थर साठतं. म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालणारी औषधं मोजकीच असतात.

---

डॉ_शिंगरू

आता ताईंनी ‘खाली बोलूच’ म्हणून ठेवलेला मुद्दा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अवशेष आणि प्रतिकार या दोन गोष्टी लोक एक करतात. जनावराला औषध दिलं की त्याच्या आतड्यातले औषधाला दबणारे जिवाणू मरतात, न दबणारे उरतात आणि वाढतात. मुदत संपली, अवशेष उतरला, मांस तपासणीत चोख आलं. पण ते न दबणारे जिवाणू शेणात आहेत, गोठ्यात आहेत, कापताना मांसाला लागू शकतात, सांभाळणाऱ्याच्या हाताला लागू शकतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या अहवालात त्यांचा उल्लेख नसतो, कारण ती जिवाणू मोजतच नाही.

१९६९ साली ब्रिटनमध्ये स्वॉन समितीने हा धोका लिहून ठेवला होता. जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात रोज थोडं अँटिबायोटिक घालायची पद्धत स्वीडनने १९८६ मध्ये बंद केली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केली. अमेरिकेने माणसासाठी महत्त्वाच्या औषधांपुरती २०१७ मध्ये. दरम्यान २०१५ च्या शेवटी चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-१ जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडलं, आणि ते एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतं. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात शेवटी उरणारं औषध. तिथे अवशेषांची मर्यादा पाळली होती की नाही हा प्रश्नच नव्हता, वापर हाच प्रश्न होता.

म्हणून माझं मत ताईंपेक्षा थोडं कडक आहे. अवशेषांच्या मर्यादेवर जितकी चर्चा होते तितकी वापरावर व्हायला हवी. कोणत्या गोठ्यात, कोणत्या औषधाचे किती डोस गेले, याची नोंद मागा.

---

काचपट्टी

डॉक्टर, शंभर टक्के सहमत. फक्त एक सांगते, दोन्ही मागा. एक मागितलं म्हणून दुसरं सोडू नका. मर्यादेमुळे मुदत आली, मुदतीमुळे वही आली. गोठाधनी दादांच्या हातात आज जी वही आहे तीच तुम्हाला हवी असलेली वापराची नोंद आहे.

---

गोठाधनी

डॉक्टर, तुमचं वाचून एक शंका आली. मुदतीतलं दूध आम्ही विकत नाही, पण वासरांना पाजतो. फेकण्यापेक्षा बरं म्हणून. बरेच जण पाजतात. ते चालतं का?

---

डॉ_शिंगरू

नाही दादा, ते टाळा. ताटातून काढलेलं औषध तुम्ही वासराच्या आतड्यात घालताय, तेही बारीक मात्रेत आणि रोज. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये याचा आढावा घेतला होता. असं दूध प्यायलेल्या वासरांच्या शेणातून प्रतिकारक जिवाणू जास्त बाहेर पडतात, असा निष्कर्ष होता. पाश्चरायझेशनने दुधातले जंतू मरतील, औषध राहील.

औषध चालू असलेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा, तिच्या पायाला ठळक रंगाचा पट्टा बांधा म्हणजे दुसरं कोणी धार काढायला बसलं तरी कळेल. भांडं वेगळं ठेवा. यंत्राने काढत असाल तर आधी नळी बदला. चारही सडांचं दूध बाजूला काढा, ट्यूब एकाच सडात सोडली असली तरी. औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं.

---

गोठाधनी

चारही सडांचं हे माहीत नव्हतं. आम्ही एकाच सडाचं बाजूला काढत होतो. आणि वासरांना नाही पाजायचं तर ते दूध ओतायचं कुठे? ओढ्यात ओतलं तर तिथेही तेच होणार ना?

---

डॉ_शिंगरू

ओढ्यात, विहिरीजवळ अजिबात नको. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन मोडणारं विकर (एन्झाइम) मिळतं, शिवाय चुन्यासारखं काही घालून दूध पुरेसं अल्कधर्मी केलं की ही औषधं मोडतात. टेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन दिलं असेल तर या उपायांवर भरवसा ठेवता येत नाही. कोणतं औषध दिलं होतं ते वहीतून बघून इथे लिहा, त्याप्रमाणे सांगतो.

---

गोठाधनी

वही गोठ्यात आहे. संध्याकाळच्या धारेला जाईन तेव्हा नाव बघून लिहितो.